कॉन्ट्रॅक्टचा सातपुरी अर्थ

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कॉन्ट्रॅक्ट या शब्दाला एकच अर्थ होता आणि तो कुठल्याही शब्दकोशात सापडत नाही. सकाळच्या पाळीला कारखान्याच्या फाटकाशी दोन रांगा लागत. एका रांगेतल्या माणसांच्या खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं असे, दुसऱ्या रांगेतल्यांच्या खिशावर काहीच नसे. पहिली रांग परमनंट, दुसरी कॉन्ट्रॅक्ट. "तो कॉन्ट्रॅक्टवर आहे," एवढं म्हटलं की त्या माणसाबद्दल पुढचं काही विचारावं लागत नसे. कॅन्टीनमध्ये त्याला कुठल्या बाकावर बसवतात, दिवाळीला मिठाईचा पुडा मिळतो की नाही, लग्नाच्या बैठकीत मुलीचा बाप चहा अर्धा ठेवून उठतो की पूर्ण पितो, हे सगळं त्या एका शब्दात येत असे.

मी त्या वसाहतीत याच शब्दाचा दुसरा अर्थ घेऊन गेलो. तो अर्थ पुस्तकातला होता. पुढे जे झालं ते त्या दोन अर्थांच्या गोंधळातून झालं असं तेव्हा सगळे म्हणाले, आणि अजूनही कुणी भेटलं की हसत हसत तेच म्हणतात. गोंधळ वगैरे काही नव्हता. त्याचाच मला राग आहे.

आमची कंपनी मूळची इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणारी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मालकांच्या मुलाने वरच्या मजल्यावर काचेची दारं बसवली, एसी लावला आणि त्या मजल्याला सॉफ्टवेअर डिव्हिजन म्हणायला सुरुवात केली. एसी संगणकांसाठी होता. माणसांना त्याचा वारा लागायचा तो चुकून. मालकांचा मुलगा म्हणजे आमचे डायरेक्टर. त्यांना नवे शब्द फार आवडत. एखादा शब्द हाती लागला की तो महिनाभर सगळ्या मीटिंगांमधून फिरे, मग कुठेतरी पडून जाई. मी तिथे सीनियर प्रोग्रॅमर होतो, म्हणजे वयाने मोठा होतो.

आम्ही द्राक्षांच्या शीतगृहांसाठी प्रोग्रॅम लिहीत होतो. दिंडोरीकडे, पिंपळगावकडे तेव्हा एकामागून एक पॅकहाऊस उभी राहत होती. सकाळी तोडलेली द्राक्षं कॅरेटमधून यायची, निवडून खोक्यांत भरली जायची आणि मग ती लवकरात लवकर शून्य अंशाच्या आसपास आणावी लागत, नाहीतर परदेशी पोचेपर्यंत मणी मऊ पडत. प्रत्येक खोलीत तापमान मोजणारा सेन्सर होता. आमचा प्रोग्रॅम त्याला दर थोड्या वेळाने विचारायचा, खोली गरम असली तर कॉम्प्रेसर चालू करायचा, गार झाली की थांबवायचा, आणि पडद्यावर खोलीपुढे हिरवा किंवा लाल दिवा दाखवायचा.

तो प्रोग्रॅम तपासायचं काम जिच्याकडे होतं ती सायखेड्याची होती. संगणकशास्त्रात एम.एस्सी. केलेली, बोलायला तिखट, आणि आमच्या चुका सापडल्या की तिला जो आनंद होई तो ती लपवत नसे. ती रोज एसटीने ये-जा करायची. नवरा सुरगाण्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता. लग्न झाल्यापासून त्यांचा संसार शनिवार-रविवारचा होता. दोघांनी ठरवलं होतं की हिची नोकरी परमनंट झाली की त्याने नाशिकजवळ बदली मागायची, आणि नाही झाली तर हिने तिकडे जायचं. तिकडे तिच्या शिक्षणाचा उपयोग होईल अशी एकच वस्तू होती, शाळेला मिळालेला संगणक. तो बिघडू नये म्हणून मुख्याध्यापकांनी कपाटात कुलूप लावून ठेवला होता.

तिचा प्रोबेशनचा काळ केव्हाच संपला होता. "फाईल वर गेलीय," एवढंच तिला सांगितलं जायचं. वर म्हणजे कुठे ते कुणी सांगत नसे, कारण आम्ही बसायचो तोच सगळ्यात वरचा मजला होता.

त्या सुमाराला पुण्याच्या एका मित्राकडून मी एक जाडजूड पुस्तक झेरॉक्स करून आणलं होतं. त्यातली मूळ कल्पना अशी की प्रोग्रॅमच्या प्रत्येक तुकड्याने आपल्या दारावर स्पष्ट लिहावं: मला काम सांगणाऱ्याने आधी काय सांभाळायचं, त्या बदल्यात मी काय करून देईन, आणि काहीही झालं तरी कुठली गोष्ट मोडणार नाही. याला ते लोक कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. करार. दोघांना बांधणारा.

मी हे तिला आमच्या घराखालच्या गिरणीवरून समजावलं. गंगापूर रोडला आम्ही राहायचो तिथे तळमजल्यावर पिठाची गिरणी होती. दळण निवडलेलं आणि कोरडं आणायचं ही आपल्याकडून आधीची अट. बारीक सांगितलं तर बारीक दळून, धान्य होतं तेवढं पीठ परत द्यायचं हे गिरणीवाल्याचं वचन. आणि गव्हावर गहूच पडेल, बाजरीवर गहू टाकला जाणार नाही, हा कायमचा नियम. यातून भांडणं कशी कमी होतात पाहा. दळणात खडा निघाला तर दोष आपला. पीठ जाडं आलं तर दोष त्याचा. ज्या गिरणीत हे ठरलेलं नसतं तिथे दोन्ही बाजू नुसत्या ओरडत असतात, आणि आमचे बहुतेक प्रोग्रॅम तशा गिरणीसारखेच होते.

"आणि याचा मला काय फायदा?" तिने विचारलं.

फायदा तिलाच सगळ्यात जास्त होता. टेस्टिंगमधलं अवघड काम प्रोग्रॅम चालवण्याचं नसतं. आलेलं उत्तर बरोबर की चूक हे कुणाला तरी माहीत असावं लागतं, ते अवघड. ती एकेक उदाहरण घ्यायची, उत्तर कागदावर आधी काढायची, मग प्रोग्रॅमचं उत्तर त्याच्याशी जुळवायची. दिवसभरात जेवढं व्हायचं तेवढं व्हायचं. पण तुकड्यांच्या दारावर वचनं लिहिलेली असली तर उत्तर आधी काढायची गरज नाही. एखादं टूल, म्हणजे तपासणारा वेगळा प्रोग्रॅम, आपल्या मनाने वाट्टेल ते आकडे तयार करील, आधीच्या अटीत बसतात ते तुकड्याला देईल, आणि तुकडा बाहेर आला की एवढंच विचारील: वचन पाळलंस का? नाही म्हणाला तर तिथे लाल ओळ. हे टूल न थकता हजारो वेळा हेच करू शकतं, आणि माणसाला सुचणार नाहीत अशा वेड्यावाकड्या परिस्थिती तयार करतं.

असं टूल मी लिहिलं. फार मोठं काही नव्हतं. आमची प्रोग्रॅमिंगची भाषा अशा अटींसाठी बनवलेली नव्हती, म्हणून अटी आणि वचनं साध्या तपासणीच्या ओळी म्हणून लिहायची एक पद्धत बसवली. वचनं आम्ही दोघांनी बसून लिहिली. खरी भांडणं तिथेच झाली. मी लिहायचो, "तापमान परत देईन." ती म्हणायची, हे वचन नाही, हे आश्वासन आहे, निवडणुकीतलं. कुठलं तापमान? केव्हाचं? सेन्सरने उत्तरच दिलं नाही तर काय देणार? शेवटी तिने तापमान वाचणाऱ्या तुकड्याचं वचन स्वतः लिहिलं: सेन्सर गप्प असेल तर मी आकडा सांगणार नाही, "माहीत नाही" असं सांगेन. वचन ढिलं असलं तर टूल काहीही पकडत नाही, हे मला पुस्तकातून कळलं होतं. वचन घट्ट कसं बांधायचं हे मात्र तिच्याशी भांडताना कळलं.

पहिल्यांदा टूल लावलं ती दुपार मला आठवते, कारण भारनियमनामुळे लाईट गेली होती आणि जनरेटरच्या धडधडीत आम्ही बसलो होतो. ती पडद्याकडे बघत होती.

"मेला," ती म्हणाली.

"कोण?"

"तापमानवाला. सर, हे बघा, सेन्सर गप्प आहे आणि हा सांगतोय शून्य. तोंड वर करून खोटं बोलतोय."

तो तुकडा कंपनीच्या फार जुन्या प्रोग्रॅममधून कुणीतरी उचललेला होता. सेन्सरकडून काहीच आलं नाही की तो शून्य समजायचा. भट्टीच्या प्रोग्रॅममध्ये ते चालून गेलं असेल, कारण शून्य अंशाची भट्टी पाहून कुणालाही शंका येईल. द्राक्षांच्या खोलीत शून्य म्हणजे सगळं उत्तम. तार तुटली की आमचा प्रोग्रॅम समजणार की खोली हवी तेवढी गार झाली आहे. तो कॉम्प्रेसर थांबवणार आणि हिरवा दिवा दाखवणार. दुरुस्ती मोठी होती, कारण त्या शून्यावर आणखी बऱ्याच ठिकाणी विसंबलेलं होतं. पण चूक सापडली होती, आणि एकही द्राक्ष खराब न होता सापडली होती. आम्ही खूश होतो. तिने मला चहा पाजला. हे एरवी घडत नसे.

मी डायरेक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं दाखवलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. याला कॉन्ट्रॅक्ट म्हणतात का? हो. आणि ऑटोमॅटिक म्हणजे माणूस लागत नाही ना? मी सांगितलं, चालवायला लागत नाही, वचनं लिहायला लागतो. यातलं पहिलं वाक्य ऐकताना ते माझ्याकडे बघत होते, दुसरं ऐकताना फोनकडे.

मग क्वालिटी सप्ताह आला. फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर डायरेक्टरांचा फोटो क्वालिटी या शब्दापेक्षा मोठा होता. वणीच्या रस्त्यावरच्या एका नव्या पॅकहाऊसला आमचा प्रोग्रॅम याच सप्ताहात द्यायचा असं ठरलं होतं, आणि समारंभात पडद्यावर टूल चालवून दाखवायचं होतं. आदल्या दिवशी डायरेक्टरांनी रंगीत तालीम बघितली. पडद्यावर लाल ओळी आल्या.

"हे लाल काय आहे?"

मी सांगितलं. दुरुस्तीला किती काम आहे तेही सांगितलं.

ते म्हणाले, शुभ प्रसंगी लाल नको. सकाळच्या पूजेचं लाल गंध त्यांच्या कपाळावर अजून ओलं होतं. अटी बंद करता येत नाहीत का, तात्पुरत्या? येत होत्या. एका ओळीत एक आकडा बदलला की सगळ्या अटी आणि वचनं झोपी जात, ही सोय अशा पद्धतीत असतेच. मी नाही म्हणालो. म्हणालो, साहेब, परीक्षकाला सुट्टी द्यायची आणि सगळी मुलं पहिल्या वर्गात आली म्हणून पेढे वाटायचे, असं होईल हे.

"मुलं आपलीच आहेत ना," डायरेक्टर म्हणाले, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून त्यांनी तो आकडा बदलून घेतला.

टूल पुन्हा चाललं. एकही लाल ओळ नाही. ज्याला काही विचारलंच नाही तो नापास कसा होणार? आमच्या कंपनीत पुढे परमनंट झालेली ती एकमेव तात्पुरती गोष्ट. दुरुस्तीचं काम "नंतर"च्या यादीत गेलं आणि त्याच आठवड्यात मला पुण्याच्या एका ग्राहकाच्या कामावर घातलं.

समारंभ गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाला. पंख्यामुळे समईची वात पेटेना. पंखा बंद केला, वात पेटली, टाळ्या झाल्या, पंखा लावला, वात विझली. याबद्दल कुणालाही काही वाटलं नाही. एका निवृत्त अधिकाऱ्याने क्वालिटी आपल्या संस्कृतीत कशी पूर्वीपासून होती ते सांगितलं. त्यांच्या भाषणात त्या क्वालिटीला एवढ्या पिढ्यांत काय झालं याचा खुलासा नव्हता. मग टूल चाललं, सगळं हिरवं आलं, आणि डायरेक्टर बोलायला उठले. त्यांनी माझं कौतुक केलं. कल्पना माझी असल्याचं सांगितलं. आणि जाहीर केलं की यापुढे आपल्याकडचं टेस्टिंग ऑटोमॅटिक असेल आणि कॉन्ट्रॅक्ट पद्धतीवर असेल.

मागच्या रांगेतून ती पुढे वाकली. "सर, हे काय म्हणाले?"

"त्यांना आपलं वेगळं ऐकू आलं असेल."

"वेगळं नाही. सोयीचं."

तिचं बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात पर्सनल मॅनेजरांनी तिची फाईल खाली मागवली. म्हणजे ती खरंच वर कुठेतरी होती, एवढं समजलं. हे गृहस्थ आयुष्यभर खालच्या कामगारांची प्रकरणं हाताळत आलेले, अत्यंत मऊ बोलणारे. आवाज चढवून बोललेलं त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. मी भांडायला गेलो तर त्यांनी आधी चहा मागवला. मग डायरेक्टरांना दिलेल्या माझ्याच सादरीकरणाची प्रत पुढे केली. पेन्सिलने एक शब्द जागोजागी अधोरेखित केला होता.

"आम्ही मनाने काही करत नाही," ते म्हणाले. "प्रत्येक पानावर तुम्हीच लिहिलंय, टेस्टिंग विथ कॉन्ट्रॅक्ट. वाचून दाखवू?"

मी त्यांना गिरणी सांगितली. आधीची अट, वचन, कायमचा नियम, सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलवत शांतपणे ऐकलं.

"म्हणजे गिरणीवालाही कॉन्ट्रॅक्टवरच की," ते म्हणाले.

त्या माणसाला समजलं नव्हतं असं मला क्षणभरही वाटलं नाही. सातपूरमध्ये दोन रांगा रोज उभ्या करणाऱ्या माणसाला शब्दाचे अर्थ चांगले कळतात. एक पगारपत्रक हलकं करायचं होतं, त्यासाठी एक शब्द हवा होता, तो फुकटात मिळाला. मी दुसरा एखादा शब्द वापरला असता तर त्याचाही तोच अर्थ निघाला असता. डायरेक्टरांकडे गेलो, तर तेच दुखावले. म्हणाले, एवढ्या लोकांसमोर कल्पना तुमची म्हणून सांगितली मी, आणि तुम्हीच मागे फिरता?

कराराचा कागद तिच्या हातात दिला तेव्हा मी केबिनमध्ये होतो. तो कंपनीचा नव्हताच. खाली माल चढवायला आणि बागेला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचा होता. ती खुर्चीत बसली, मॅनेजरांच्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि एखादा नवा तुकडा तपासावा तसा तो कागद वाचायला लागली. एकेक कलम वाचायची आणि समासात अक्षर लिहायची. कलम तिच्याकडून काही मागत असेल तर "अ", अट. समोरच्याने काही द्यायचं कबूल केलं असेल तर "व", वचन. मॅनेजर आधी हसून बघत होते. समासात "अ" च्या खाली "अ" उतरत गेले तसे त्यांचं हसू जरा अवघडलं. वेळेवर यावं. सांगितलं तेवढं थांबावं. सांगितलं त्या दिवशी जावं. कारण विचारू नये. कायम होण्याचा हक्क सांगू नये.

शेवटच्या पानावर पोचून तिने कागद माझ्याकडे फिरवला. "व" एकही नव्हता.

"तुमची बाजू कोरी आहे, साहेब," ती मॅनेजरांना म्हणाली.

"छापील नमुना आहे तो, मॅडम. सगळे त्याच्यावरच सही करतात. त्यात बदल होत नाही."

"मग दोष आहे याच्यात. परत पाठवते. दुरुस्त करून आणा, मी पुन्हा तपासते."

तिने सही न करता कागद टेबलावर ठेवला, पेन्सिल होती तिथे ठेवली आणि उठली. मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाले की पोरगी हुशार आहे पण जरा हट्टी आहे. पोरगी. बाहेरून कोणी पाहुणे आले की तिचीच ओळख "आमच्या क्वालिटी इंजिनिअर" अशी करून देत असत.

दुरुस्त कागद अर्थातच आला नाही. महिना संपला आणि ती गेली. जाताना माझ्याशी फार बोलली नाही. टेबलाचा खण रिकामा करता करता एवढंच म्हणाली, "यांनी बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता. फाडा म्हणून सांगितलं." तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला. उन्हं चढली, भारनियमन वाढलं. एका दुपारी वणीच्या रस्त्यावरच्या त्या पॅकहाऊसमधून फोन आला आणि पुण्याचं काम बाजूला ठेवून मला तिकडे पाठवलं. खोली धुताना कुणाच्या तरी पायात येऊन सेन्सरची तार निघाली होती. पडद्यावर शून्य होतं. शून्यापुढे हिरवा दिवा. कॉम्प्रेसर समाधानाने गप्प. खोलीचं दार उघडलं तसा गोडसर, शिळा वास अंगावर आला. भिंतीशी छतापर्यंत खोकी रचलेली होती, आणि प्रत्येक खोक्यावर परदेशातल्या दुकानाचं सुबक चित्र होतं.

तिथला सुपरवायझर माझ्यावर चिडायला तयार होऊन उभा होता, पण त्याला स्वतःचाच जास्त राग आलेला दिसत होता.

"हिरवा दिवा व्हता, म्हणून आम्ही दार उघडलंच नाय," तो म्हणाला. "सारखं दार उघडू नका, म्हणून तुमच्याच मानसानं सांगितलं व्हतं. आता हात घालून बघा, लय गार हाय का ते."

मी हात घातला नाही. काय लागेल ते मला माहीत होतं. कागदावर ही खोली आम्ही आधीच पाहिलेली होती.

कंपनीत चौकशी बसली. चौकशी म्हणजे डायरेक्टर, पर्सनल मॅनेजर, मी आणि बिस्किटं. अटी बंद केल्या गेल्या होत्या हे मी सांगितलं. कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून ते सांगितलं. लाल ओळींच्या आधीच्या अहवालाची प्रत पुढे ठेवली. डायरेक्टर म्हणाले, तो कच्चा अहवाल होता, पक्का अहवाल हिरवा आहे, तो सगळ्यांनी हॉलमध्ये पाहिला. निष्कर्ष त्यांनीच सांगितला आणि मॅनेजरांनी उतरवून घेतला: टेस्टिंगमध्ये त्रुटी राहिली, संबंधित टेस्टर आता कंपनीत नाहीत.

मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो. जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की ज्या बाईने ती चूक एका दुपारी पकडून दिली तिच्याच नावावर तुम्ही ती चढवताय, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो आणि ते दोघे मी संपण्याची वाट बघत होते. सवय असलेल्या माणसांना दुसऱ्याचा राग म्हणजे बाहेरून जाणारा ट्रक. आवाज कमी झाला की बोलणं पुढे चालू.

आवाज कमी झाल्यावर डायरेक्टर म्हणाले, झालं ते झालं, आता दुरुस्ती लवकर हवी. तुम्ही पुण्याच्या कामात, आणि तिने लिहिलेल्या अटी बाकी कुणाला नीट लागत नाहीत, तर तिलाच बोलवा. हंगाम संपेपर्यंत.

"परमनंट?" मी विचारलं.

"कॉन्ट्रॅक्टवर," मॅनेजर म्हणाले. ते अजिबात लाजले नाहीत.

मी नकार देणार होतो. मग वाटलं, तिच्या वतीने नाही म्हणणारा मी कोण? तिच्या नवऱ्याच्या शाळेशेजारच्या दुकानात फोन होता. मॅनेजरांनी नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला. दुकानदाराने कुणाला तरी हाक मारली. बराच वेळ कोंबड्यांचा आणि मुलांच्या पाढ्यांचा आवाज येत राहिला. मग ती आली. मी सगळं सांगितलं. पॅकहाऊस, चौकशी, निष्कर्ष, बोलावणं. काही गाळलं नाही. केबिनमध्ये सगळे ऐकत होते, तेही बरंच झालं.

निष्कर्ष ऐकल्यावर तिने विचारलं, "किती खोकी गेली?"

"एक खोली पूर्ण."

"च," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या कागदात काही बदल झालाय का, सर?"

"नाही. तोच आहे."

"मग मी येऊन काय करू? मी इथं बिऱ्हाड लावलंय. यांनी घर घेतलंय भाड्याने, चुलीला धुराडं करून घेतलंय. आता पुन्हा एसटीत बसायचं, आणि हंगाम संपला की पुन्हा उतरायचं?" मागे कुणीतरी तिला हाक मारली. "आले रे. सर, तुम्ही करा दुरुस्ती. सगळी वचनं लिहिलेलीच आहेत. फक्त चालू ठेवा."

मी रिसीव्हर ठेवला. डायरेक्टर तोवर दुसऱ्या फोनवर होते. मॅनेजरांनी तिची फाईल उघडून पुढे ओढली होती आणि पेनचं टोपण काढलं होतं.

"येत नाही ना? कारण काय लिहू?"

मी म्हणालो, लिहा की तुमची बाजू कोरी होती.

त्यांनी मान हलवली, चष्मा सारखा केला आणि नेटक्या अक्षरात लिहिलं: वैयक्तिक कारणास्तव.